वहीतला तिसरा रकाना

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी गेली एकोणीस वर्षे काम करतो आहे. समोरच्याने सांगितलेला भाव खरा किती आणि फुगवलेला किती, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण शेअरबाजारात पहिली दोन वर्षे मी जो व्यवहार केला तो कारखान्यात केला असता तर माझी नोकरी गेली असती.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळला, त्यानंतर टाळेबंदी सुरू झाली आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये मी घरी बसून डिमॅट खाते उघडले. माझ्यासारख्यांचा तेव्हा लोंढाच आला होता. मार्च २०२० मध्ये देशात सुमारे ४ कोटी डिमॅट खाती होती आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवर आणला होता, मुदत ठेवीवरचे व्याज महागाईला पुरत नव्हते आणि घरात अडकलेल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. पहिल्या वर्षात मी घेतलेला एकही शेअर खाली गेला नाही. मी हे माझ्या निवडीचे यश समजलो, आणि पुढच्या सगळ्या चुका या एका समजुतीतून झाल्या.

२०२१ च्या उत्तरार्धात मी ‘वाढीचे शेअर’ शोधू लागलो. माझ्या लेखी वाढीची व्याख्या तेव्हा सोपी होती: ज्या कंपनीची विक्री आणि नफा दरवर्षी वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढतो ती वाढणारी कंपनी, आणि अशा कंपनीला बाजार जास्त भाव देतो म्हणून आपणही तो द्यावा. विशेष रसायने बनवणाऱ्या कंपन्यांचा तो हंगाम होता. चीनवर अवलंबून राहायचे नाही म्हणून जगभरचे ग्राहक भारताकडे वळत आहेत, ही कथा प्रत्येक मुलाखतीत आणि प्रत्येक व्हॉट्सॲप गटात ऐकू येत होती, आणि ती पूर्णपणे खोटीही नव्हती. अशाच एका मध्यम आकाराच्या कंपनीचे १५० शेअर मी दोन टप्प्यांत सरासरी १,४२० रुपयांना घेतले. तिचा प्रतिशेअर वार्षिक नफा तेव्हा २२ रुपये होता, म्हणजे मी नफ्याच्या साधारण ६४ पट किंमत मोजत होतो. या ६४ पटीवर मी किती विचार केला, असे कोणी विचारले तर खरे उत्तर असे की मी तो आकडा पाहिला आणि पुढे गेलो.

त्याच वर्षी माझ्या कारखान्यातल्या टेबलावर काय चालले होते ते सांगणे भाग आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक अजस्र मालवाहू जहाज अडकून सहा दिवस वाहतूक बंद पडली; कंटेनरचे भाडे त्याआधीच चढू लागले होते आणि पुढे कित्येक पटींनी वाढले. शरद ऋतूत चीनमध्ये वीजटंचाईमुळे कारखान्यांवर निर्बंध आले. आमच्या रंगकामाच्या शेडला लागणारे रेझिन, थिनर आणि पावडर यांचे भाव दर पंधरवड्याला बदलत होते, पुरवठादार दरपत्रकावर ‘वैधता सात दिवस’ असे लिहून देत होते, आणि पूर्वी ज्या दराला मी हसलो असतो त्या दराच्या परचेस ऑर्डरवर सही करत होतो. ऑक्टोबरमध्ये मी व्यवस्थापनाला एक टिपण दिले. त्यात दोन मुद्दे होते: माल मिळेनासा होण्याची भीती असल्याने दीड महिन्याऐवजी तीन महिन्यांचा साठा करावा, आणि हे दर वर्षभरापेक्षा जास्त टिकणार नाहीत म्हणून लांब मुदतीचे करार करू नयेत. दुसऱ्या मुद्द्याबद्दल साहेबांनी शाबासकीही दिली.

त्याच आठवड्यात घरी येऊन मी त्या रसायन कंपनीच्या शेअरचा दुसरा टप्पा घेतला. तिचा नफा ज्या वाढलेल्या दरांतून येत होता ते दर टिकणार नाहीत असे मी स्वतःच्या सहीने लिहून दिले होते, आणि त्याच नफ्याला कायमचा समजून चौसष्टपट पैसे मोजत होतो. पत्नी शेजारी बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, “अहो, कारखान्यात तुम्ही किलोमागे पन्नास पैशांसाठी तासभर फोनवर भांडता, आणि इथे दोन मिनिटांत लाख रुपये दिलेत.” मी तिला दीर्घ मुदतीची गुंतवणूक समजावून सांगितली.

हवा बदलली ती तारीख मला पक्की आठवते. ४ मे २०२२ रोजी दुपारी दोन वाजता, ठरलेली बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ०.४० टक्क्यांनी वाढवून ४.४० टक्के केला आणि सेन्सेक्स त्या दिवशी तेराशेहून अधिक अंशांनी घसरला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो दर ६.५० टक्क्यांवर पोचला होता. बँकेच्या व्याजदराचा माझ्या कर्जमुक्त कंपनीशी काय संबंध, असे मला सुरुवातीला वाटले. संबंध समजायला मला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. पंधरा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १० टक्के दराने काढली तर सुमारे २४ रुपये येते आणि १२ टक्के दराने सुमारे १८. जवळपास चौथा हिस्सा गेला. एका वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांची किंमत त्याच बदलाने ९१ वरून ८९ वर येते. ज्या शेअरची बहुतेक किंमत दूरच्या नफ्यावर उभी असते, म्हणजे ज्याला आपण वाढीचा शेअर म्हणतो, त्याला व्याजदर वाढल्याचा मार सर्वांत जास्त बसतो तो यामुळे. कंपनीने काहीही चूक केलेली नसते.

माझ्या कंपनीच्या बाबतीत दुसरा मारही येणार होता, आणि तो द्यायला मीच हातभार लावला होता. २०२२ च्या अखेरीस आमचे भांडार रेझिनच्या पिंपांनी इतके भरले होते की काही पिंपे सायकल स्टँडच्या बाजूला ताडपत्रीखाली ठेवावी लागली. जहाजे वेळेवर येऊ लागली, चीनमधून माल पुन्हा वाहू लागला, दर उतरू लागले, आणि मी जवळपास पाच महिने एकाही नव्या ऑर्डरवर सही केली नाही. त्या सुमारास माझ्या रसायन कंपनीच्या तिमाही कॉनकॉलचा, म्हणजे निकालानंतर व्यवस्थापन विश्लेषकांच्या प्रश्नांना फोनवर उत्तरे देते त्या बैठकीचा, लेखी वृत्तांत मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचला. विक्री का घटली या प्रश्नावर व्यवस्थापनाचे उत्तर होते की ग्राहक आपापला जुना साठा संपवत आहेत आणि चीनमधून स्वस्त माल येत आहे. ‘ग्राहक’ म्हणजे कोण, हे मला ताडपत्रीखाली दिसत होते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी ते सगळे शेअर ७९० रुपयांना विकले. ९४,५०० रुपयांचा तोटा झाला. प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे दीर्घ मुदतीचा तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, एवढाच दिलासा. विकण्याआधी मी त्या तोट्याची फोड केली, कारण कारखान्यात दर चढला की तो कशामुळे चढला याची फोड केल्याशिवाय आम्ही फाइल पुढे सरकवत नाही. प्रतिशेअर नफा २२ वरून १७ रुपयांवर आला होता, म्हणजे सुमारे २३ टक्के घट. बाजार त्या नफ्याला ६४ ऐवजी ४६ पट देत होता, म्हणजे आणखी २८ टक्के घट. दोन्ही मिळून घट ४४ टक्के. नफा मुळीच घटला नसता तरी पैशाचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गेलाच असता. यातला पहिला भाग मला कळायला हवा होता, कारण तो माझ्याच धंद्यातला होता. दुसरा भाग कोणालाच आधी कळत नाही, पण तो येऊ शकतो असे धरून हिशेब मांडणे माझ्या हातात होते.

तिथून ती वही सुरू झाली. साधी दोनशे पानी, आडव्या पानावर रकाने आखलेली. खरे तर तिची सुरुवात तोट्यातले शेअर विकण्याच्या आधी, २०२२ च्या दिवाळीत झाली होती, पण तेव्हा तिच्यात विक्री आणि नफा असे दोनच रकाने होते आणि ते कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. संकेतस्थळाची चाळणी किती फसवते हेही तेव्हाच कळले. पाच वर्षांत १५ टक्क्यांहून अधिक वाढ, भांडवलावरील परतावा १८ टक्क्यांहून अधिक आणि कर्ज नगण्य, अशा अटी लावल्या की ज्या कंपन्यांना करोनाच्या काळाने अवचित हात दिला त्या सगळ्या पुढे येत. रोगनिदान प्रयोगशाळांची वाढ करोनाच्या चाचण्यांमुळे फुगलेली होती. उलट २०२०-२१ मध्ये ज्यांचे दुकानच बंद होते त्यांची पुढची वाढ पायथा खाली असल्यामुळे डोळे दिपवणारी दिसे. म्हणून मी २०१८-१९ हे पायाचे वर्ष धरायला लागलो. यादी निम्म्याने आटली.

तिसरा रकाना नंतर आला आणि त्याचे शीर्षक आहे ‘माल की भाव?’ विक्री वीस टक्के वाढली म्हणजे वीस टक्के जास्त माल विकला गेला की तेवढाच माल वीस टक्के चढ्या भावाने विकला गेला, एवढाच प्रश्न. भावातून आलेली वाढ दुसऱ्या कोणाच्या तरी खरेदी विभागाला बोचत असते आणि तो विभाग पर्याय शोधत असतो. हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. सिमेंटवाले टनांत आकडे देतात, पाइपवाले देतात, रंगाच्या कंपन्या मालाच्या वाढीची टक्केवारी सांगतात. रसायनवाले बहुधा सांगत नाहीत, तेव्हा कॉनकॉलमध्ये एखाद्या विश्लेषकाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरातून ते उकरून काढावे लागते. मी प्रत्येक कंपनीचे मागचे आठ कॉनकॉल वाचतो आणि जुने आधी वाचतो. दोन वर्षांपूर्वी ‘पुढच्या मार्चपर्यंत नवा प्रकल्प सुरू होईल’ असे म्हणणारे लोक पुढच्या मार्चमध्ये काय म्हणाले, हे वाचताना मला माझे काही पुरवठादार आठवतात. (त्या पुरवठादारांपैकी कोणी बाजारात नोंदलेले असले तरी त्यांचे शेअर मी घेत नाही; ते योग्य नाही.)

चौथ्या रकान्यात नफ्यापैकी रोख किती आली ते असते. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज एका बाजूला आणि व्यवसायातून आलेल्या रोख रकमेची बेरीज दुसऱ्या बाजूला. याची किंमत मला सौर कृषिपंपांच्या एका कंपनीने दाखवली. केंद्राने सौर पंपांसाठी पीएम-कुसुम योजना २०१९ मध्ये सुरू केली आणि महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आली. माझ्या गावी चुलतभावाच्या शेतात असा पंप प्रत्यक्ष बसलेला मी पाहिला होता आणि तो उत्तम चालत होता. तिसऱ्या रकान्यात निर्विवाद ‘माल’ होता, पंप खरोखरच विकले जात होते. पण ग्राहक म्हणजे सरकारी यंत्रणा, त्यामुळे येणी विक्रीपेक्षा वेगाने वाढत होती आणि कागदावरचा नफा रोख होऊन बँकेत येत नव्हता. मी तो शेअर घेतला नाही. पुढचे काही महिने तो चढतच राहिला आणि चुलतभाऊ फोन करून भाव सांगत राहिला.

मी जो घेतला तो प्लास्टिक पाइपचा होता, आणि तो रसायन कंपनीच्या नेमका उलटा नमुना होता. २०२२ मध्ये पीव्हीसीचे भाव वेगाने कोसळले. पाइप कंपनीकडे चढ्या भावाचा कच्चा माल साठ्यात पडलेला, विक्रेते भाव आणखी उतरतील म्हणून खरेदी थांबवून बसलेले, त्यामुळे दोन तिमाहींचा नफा वाईट आला आणि रुपयांतली विक्री जागच्या जागी राहिली. चाळणीत ही कंपनी ‘वाढ नाही’ म्हणून गळून पडत होती. टनांत मात्र तिचा माल मागच्या वर्षीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक गेला होता. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२३ या काळात, प्रत्येक तिमाहीचा निकाल वाचून झाल्यावर एक, असे चार टप्पे करून मी २४० शेअर सरासरी ६२० रुपयांना घेतले. कंपन्यांना तिमाहीचे निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. त्यामुळे वर्षातून चारच वेळा खरेदीचा विचार करायचा, मधल्या काळात भाव कितीही हलला तरी नाही, असा नियम आपोआप बसला. माझ्यासारख्या अधीर माणसाला याचा उपयोग कोणत्याही गुणोत्तरापेक्षा जास्त झाला.

पाचवा रकाना हिशेबाचा. समजा, नफा दरवर्षी २० टक्क्यांनी तीन वर्षे वाढला तर तो १.७३ पट होतो. आज आपण ६० पट मोजले आणि तीन वर्षांनी बाजाराने ३५ पटच दिले, तर नफा पाऊणपट वाढूनही शेअरची किंमत जिथे होती तिथेच राहते. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी कॅल्क्युलेटर पुन्हा तपासला. पाइप कंपनीला मी ३८ पट मोजत होतो. तीन वर्षांनी २८ पट मिळतील असे धरले आणि नफा २० टक्क्यांनी वाढला, तर एकूण २७ टक्के सुटतात. त्या वेळी सात टक्क्यांची मुदत ठेव तीन वर्षांत साडेबावीस टक्के देत होती. एवढा त्रास घेऊन फरक इतकाच, हे पाहून उत्साह मावळतो. पण हा हिशेब मुद्दाम कंजूष आहे, आणि ज्या कंपन्या त्यातही टिकत नाहीत त्या मी सोडून देतो.

सोडून दिल्याचा पश्चात्तापही वहीत आहे. विजेचे ट्रान्सफॉर्मर बनवणारी एक कंपनी २०२३ च्या मध्यात सगळ्या रकान्यांत उत्तम बसली होती. पारेषणाच्या कामांची मागणी खरी होती, ऑर्डर दोन वर्षांच्या हातात होत्या, रोख येत होती. पाचव्या रकान्यात मात्र ती नापास झाली, कारण तिला ७० पट मोजावे लागत होते. पुढच्या दीड वर्षात ती दुपटीहून अधिक झाली. माझी पद्धत तेजीत माणसाला मागे ठेवते, हे मी मान्य करतो. मार्च २०२४ मध्ये बाजारनियामक सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी छोट्या कंपन्यांच्या भावांत फेस साचल्याचे म्हटले आणि स्मॉलकॅप फंडांना पडत्या बाजारात आपला साठा विकायला किती दिवस लागतील ते जाहीर करावे लागले, तेव्हा मला जरा बरे वाटले. पण ट्रान्सफॉर्मरची कंपनी त्यानंतरही चढली.

सहावा रकाना विकण्याच्या अटीचा आहे आणि तो खरेदीच्याच दिवशी भरायचा असतो. पाइप कंपनीपुढे मी लिहिले होते: ‘सलग दोन तिमाही टनांतील वाढ १० टक्क्यांखाली आली तर निम्मे विकावे.’ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात दीर्घ मुदतीच्या नफ्यावरील कर १० वरून १२.५ टक्के आणि अल्प मुदतीच्या नफ्यावरील १५ वरून २० टक्के झाला, बाजार दोन दिवस कुरकुरला आणि पुन्हा वर गेला. २७ सप्टेंबर २०२४ रोजी निफ्टीने २६,२७७ चा तेव्हाचा उच्चांक गाठला तेव्हा माझे पाइप १,१४० रुपयांवर होते. ऑक्टोबरपासून परदेशी संस्थांनी जोरदार विक्री सुरू केली. जुलै-सप्टेंबर तिमाहीचा निकाल आला, टनांतील वाढ सहा टक्के. अट दोन तिमाहींची होती, म्हणून मी थांबलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसरा निकाल आला, वाढ चार टक्के, आणि मी ठरल्याप्रमाणे १२० शेअर विकले. भाव ९०५ रुपये मिळाला.

उच्चांकापासून २३५ रुपये कमी, हे पत्नीने लगेच दाखवून दिले. “पहिल्याच निकालाला का नाही विकलेत?” याचे उत्तर असे की पावसाळ्यातल्या एका वाईट तिमाहीवरून पुरवठादार बदलायचा नाही, हा नियम मी कारखान्यातून उचलून आणला होता, आणि पुरवठादाराचा भाव रोज जाहीर होत नसतो, शेअरचा होतो. नियम बदलावा का, यावर मी अजून निर्णय घेतलेला नाही. मार्चच्या सुरुवातीला निफ्टी २२,००० च्या आसपास आला आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेने आणखी एक धक्का दिला. उरलेले १२० शेअर मी या सगळ्यात ठेवले आहेत.

मे २०२५ मध्ये वही पुढे घेऊन बसलो असताना त्या जुन्या रसायन कंपनीचा कॉनकॉलही वाचला. विकल्यापासून दीड वर्ष रागाने मी तिचे नाव काढले नव्हते. तिचे पान मी फाडले नव्हते, एवढेच. व्यवस्थापक सांगत होते की माल अठरा टक्के जास्त गेला, पण दर अजून चढलेले नाहीत आणि चीनचा दबाव कायम आहे. आमच्या कारखान्यातही तेव्हा रेझिनचे दर तळाशीच होते, आणि आधीच्या दोन महिन्यांत मी साठा पुन्हा दीड महिन्यावर आणला होता. म्हणजे ऑर्डरी नियमित जात होत्या. तिच्या पानावर तिसऱ्या रकान्यात मी पहिल्यांदा ‘माल’ असे लिहिले. चौथा रकानाही बरा होता. पाचव्यात ती तेव्हाही अडकत होती, कारण बाजार तिला ५० पट देत होता. तीन वर्षांनी ३५ पट धरले तर १५ टक्क्यांच्या वाढीने जेमतेम सहा टक्के सुटत होते, आणि २५ टक्क्यांची वाढ धरायचे धाडस मला झाले नाही. जून २०२५ तिमाहीचा निकाल १४ ऑगस्टपर्यंत यायला हवा होता. तेवढी तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली.